चहाच्या आधी एक शब्द

ताईच्या घरात पाऊल टाकलं की समोर फळा. चारचौघांच्या घरात दारासमोर आरसा असतो, कुणाचा तरी फोटो असतो, निदान छत्री अडकवायला खुंटी असते. इथं कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला काळा फळा होता, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज सकाळी दोन इंग्रजी अक्षरं लिहिली जायची. त्यांच्याखाली त्याच दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांची रांग, प्रत्येकापुढे अर्थ, आणि अक्षर असं वळणदार की छापून आणल्यासारखं. ह्या रांगेला ताई घराणं म्हणायची. आज एस-एनचं घराणं, उद्या जी-एलचं. आणि घराचा नियम असा, की येणाऱ्यानं त्या घराण्यातला एक नवा शब्द, फळ्यावर नसलेला, अर्थासकट सांगायचा. मगच चहा.

नियम नळ दुरुस्त करणाऱ्यापासून दूरच्या मावसभावापर्यंत सगळ्यांना सारखा लागू होता. नळवाला एकदा भर उन्हाचा दोन जिने चढून आला, आणि पाना हातात धरून फळ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "स्नेक. म्हणजे साप."

"स्नेक शेंबड्या पोरालाही येतो," ताई म्हणाली. "मोठ्या माणसाचा शब्द सांगा."

त्याला मोठ्या माणसाचा शब्द आला नाही. चहा राहू द्या, पाणी तरी द्या म्हणाला, तेव्हा ताईनं त्याला पाण्याला इंग्रजीत आणखी काय म्हणतात ते विचारलं. तो नळ अर्धा उघडून तसाच गेला आणि पुन्हा म्हणून त्या गल्लीत फिरकला नाही. मावसभाव तर शेवटी शेवटी खालूनच हाक मारून खुशाली विचारायचा.

बाकीचे येऊन जाऊन सुटायचे. धाकटी कुठं सुटणार? ती त्याच घरात राहायची. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. केस पिकले, चष्मा लागला, तरी अख्ख्या गल्लीत तिला धाकटीच म्हणत. खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र होतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत आलेले कपडे तिच्याकडे दुरुस्तीला यायचे: कुणाच्या कोटाचं अस्तर, कुणाची बिघडलेली झिप, पोट सुटलेल्या गृहस्थांच्या पँटी. घरातला स्वयंपाक, झाडलोट, बाजार तिच्याचकडे होता. आणि रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं फळा पुसणं, तेही तिच्याचकडे.

ताईचं सगळं आयुष्य एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात गेलं होतं. घर जळालं, हात मोडला, नवरा गेला, असं सांगत लोक पत्रं लिहायचे, आणि त्यांना काही मिळणार नाही हे इंग्रजीतून कळवण्याचं काम ताईकडे होतं. ते तिला इतकं छान जमायचं की साहेब लोकही तिच्याकडून एखादा जड शब्द उसना नेत. साधं 'मिळणार नाही' लिहिलं तर माणूस भांडायला येतो. ताईचं पत्र वाचून तो आधी अर्थ विचारत फिरायचा, आणि अर्थ कळेपर्यंत भांडायची मुदत संपलेली असायची. निवृत्त झाल्यावर ज्यांना नाही म्हणायचं अशी माणसं उरली नाहीत, तेव्हा तिनं फळा आणला.

आता शब्द जमवण्याचा नाद कुणालाही असू शकतो, त्यात वाईट काही नाही. पण ताईनं त्यातून एक शास्त्र काढलं होतं. अक्षरांनाही माणसांसारखं रक्त असतं, असं तिचं म्हणणं. एस-एन म्हणजे नाक. स्नीझ म्हणजे शिंकणं, स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नाउट म्हणजे जनावराचं नाक, आणि स्निअर म्हणजे तुच्छतेनं नाक मुरडणं. हा शेवटचा शब्द तर तिनं लिहायचीही गरज नव्हती, ती नुसती दारात उभी राहिली असती तरी भागलं असतं. जी-एल म्हणजे चकाकी: ग्लो, ग्लिटर, ग्लिंट, ग्लीम. एकदा मावसभावानं हिंमत करून विचारलं, "मग ग्लूम कसं? ग्लूम म्हणजे तर काळोख, उदासी."

"असतं एखादं," ताई म्हणाली. "चांगल्या घराण्यातही एखादं पोर मठ्ठ निघतं."

हे बोलताना तिनं खिडकीकडे बघितलं. मावसभावानंही बघितलं. धाकटी सुईत दोरा ओवत होती, तिनं मान वर केली नाही.

मठ्ठ हा शब्द तिच्या कपाळी ताईनंच चिकटवला होता, दोघी शाळेत होत्या तेव्हा. "हिला शिकवणं म्हणजे भिंतीला शिकवणं आहे, बाबा," असं ताई वडिलांना म्हणाली, आणि ताईचा शब्द घरात कुणी खाली पडू द्यायचं नाही. धाकटीचं दप्तर गेलं आणि यंत्र आलं. धाकटीला यंत्राचं काही वाईट वाटलं नाही. भिंतीचं वाटलं. त्या दिवसापासून तिनं मनाशी एक ठरवून टाकलं: भिंत तर भिंत. इतकी वर्षं रोज तो फळा डोळ्यांसमोर, रोज जेवताना कानावर घराण्यांचा मारा, पण धाकटीनं एकही शब्द डोक्यात शिरू दिला नाही. शिरतोय असं वाटलं की ती मनातल्या मनात बटणं मोजायची. ताई विचारायची, "काय सांगितलं काल? ग्लीम म्हणजे?" धाकटी म्हणायची, "नाही बाई आठवत." ताईला वाटायचं हिला येत नाही. धाकटीला वाटायचं, बघ, आजही तुझं काही चाललं नाही. एवढी एकच गोष्ट त्या घरात पूर्णपणे तिची होती.

म्हणूनच तिला लाँड्रीवाला आवडला. तो विधुर होता, अंगानं आडवा, बोलायला सावकाश. कपड्यांची देवाणघेवाण करताना तो तिच्याशी डागांबद्दल बोलायचा. शाईचा डाग कसा दुधानं सैल होतो, गंजाचा कसा काही केल्या हटत नाही. एखादं लेबल इंग्रजीत असलं तर तो ते उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या, कापड हाताला कळतं." ह्या एका वाक्यावर धाकटी विरघळली. आपल्यासारखंच ज्याला येत नाही आणि ज्याचं त्यावाचून काही अडतही नाही, असं माणूस तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

एका दुपारी कोटाची घडी घालता घालता तो म्हणाला, "तुमच्या घरी फळा आहे म्हणे."

"आहे."

"आमच्याकडे नाही." मग बराच वेळ तो इस्त्रीच्या वायरशी चाळा करत राहिला. "वरच्या दोन खोल्यांत मी एकटाच असतो. तुमचं यंत्र खिडकीपाशी बसेल. विचार करून सांगा."

धाकटीनं विचार केलाच नाही. तिथंच हो म्हणाली. घरी जाईपर्यंत तिच्या पायांना जमीन लागत नव्हती. तिला दागिने नको होते, मिरवायला नवरा नको होता. कशाचा अर्थ कुणी विचारणार नाही असं एक घर हवं होतं, आणि ते कोपऱ्यावरच निघालं. पण लाँड्रीवाला पडला रीतीचा माणूस. "ताई मोठ्या आहेत, त्यांना विचारायला हवं," असं त्यानं धरूनच ठेवलं. धाकटीनं परोपरीनं सांगितलं की तिला विचारायची काही गरज नाही, आपण सरळ जाऊन लग्नाची सही करून येऊ. तो ऐकेना.

"तो इस्त्रीवाला?" ताई म्हणाली. तिच्या नाकाचं अख्खं एस-एन घराणं एकदम जागं झालं. "त्याला स्वतःच्या दुकानाची पाटी वाचता येते का?" मग म्हणाली, "येऊ दे रविवारी. बघू."

तो 'बघू' धाकटीला चांगला ओळखीचा होता. विमा कंपनीत ह्याच सुरात लोकांची घरं पुन्हा एकदा जळायची.

दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीत गेली तर तिथं करपल्याचा वास. इस्त्री एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तशीच, आणि लाँड्रीवाला काउंटरवर वाकून एक जाडजूड पुस्तक वाचतोय. फुटपाथवरून आणलेलं, इंग्रजी शब्दांचं, अक्षरांप्रमाणे लावलेलं.

"अहो, शर्ट!" धाकटी ओरडली.

त्यानं इस्त्री उचलली. शर्टावर तपकिरी तिकोन उठला होता. डागांवर तासभर बोलणाऱ्या माणसानं त्या डागाकडे धड बघितलंसुद्धा नाही.

"सोडा ते पुस्तक," ती म्हणाली. "तुम्ही एकही शब्द सांगितला नाहीत तरी मी येणारच आहे. उलट सांगूच नका."

"तसं कसं? मी काय अगदीच हा आहे का?" तो म्हणाला.

हा म्हणजे कोण, ते त्यानं सांगितलं नाही. धाकटीला कुठंतरी बारीकसं टोचलं. पण माणूस आपल्यासाठी एवढा आटापिटा करतोय, असं म्हणून तिनं ते टोचणं गिळलं. बायका असलं पुष्कळ गिळतात, आणि वर त्याला प्रेम म्हणतात.

रविवारी ताईनं डब्ल्यू-आर काढले. मुद्दाम. हे घराणं अवघड, कारण त्यातला पहिला डब्ल्यू नुसता शोभेला, उच्चारात येतच नाही. भल्याभल्यांची इथं फजिती झाली होती. तिनं फळ्यावर नेहमीसारखी रांगही लिहिली नाही. वर दोन अक्षरं, खाली सगळा काळा फळा मोकळा, आणि स्वतः खुर्ची ओढून न्यायाधीशासारखी बसली.

लाँड्रीवाला आला तो शर्टाला इतकी खळ घालून की बसताना कापडाचा आवाज झाला. फळ्याकडे बघून तो घाबरला नाही. धाकटी आत चहा गाळत होती, पण तिचा जीव कानात गोळा झाला होता.

"रिंकल," तो म्हणाला. "म्हणजे सुरकुती."

ताईची भुवई उचलली गेली. "आणखी?"

"रिंग. अंगठीवालं नाही, डब्ल्यूवालं. म्हणजे पिळणं. कपडा पिळतो ते."

धाकटीला आत हसू फुटलं. सुरकुती आणि पिळणं, दोन्ही त्याच्या धंद्यातले! बरं झालं, आता एवढ्यावर उठेल, असं तिला वाटलं. तिनं कप ट्रेमध्ये ठेवले. पण बाहेरचा आवाज थांबेना. रेंच म्हणजे हिसडा देणं. राइद म्हणजे वेदनेनं तळमळणं. रॅथ म्हणजे क्रोध. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा आवाज चढत होता, आणि ताई, जिनं जन्मात कुणाला शाबासकी दिली नव्हती, ती खुर्चीत पुढे सरकून "अस्सं! छान! पुढे?" म्हणत होती. लाँड्रीवाला हरभऱ्याच्या झाडावर चढला होता आणि शिडी धरायला ताई स्वतः उभी होती.

धाकटी ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा तो उभा राहून बोलत होता. "रेच," तो म्हणाला. "म्हणजे दीनवाणं माणूस. बिचारं, कशातच काही नसलेलं."

"वा!" ताई म्हणाली. "उदाहरण?"

दोघांनी एकदमच धाकटीकडे पाहिलं. तिच्या हातात ट्रे, एप्रनला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. ताई हसली. आणि मग लाँड्रीवालाही हसला. आधी जरा चोरून, मग ताईचा चेहरा बघून मोकळेपणानं.

"बसा ना," ताई त्याला म्हणाली. स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसा म्हणून तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "बघ धाकटे, ह्याला म्हणतात शिकायची इच्छा. साधा इस्त्री करणारा माणूस, पण!"

लाँड्रीवाल्याची छाती खळीच्या शर्टात मावेना. तो धाकटीकडे वळला. इतके दिवस तिला अहो-जाहो करणारा माणूस म्हणाला, "तुला येतो का गं डब्ल्यू-आरचा एखादा? सांग बघू. सोपा सांगितलास तरी चालेल."

धाकटीनं ट्रे टेबलावर ठेवला. समोर डागांवर बोलणारा माणूस कुठंच नव्हता. तिला ताईच दिसली, एक खुर्चीत बसलेली आणि एक शर्टपँट घातलेली. एका ताईकडून उठून दुसऱ्या ताईकडे जायचं, आणि त्यासाठी सह्या करायच्या! तिला स्वतःचीच एवढी चीड आली की कान तापले.

"मला यायचं नाही," ती म्हणाली.

"शब्द ना? असू दे, शिकवीन मी."

"तुमच्या घरी यायचं नाही."

लाँड्रीवाल्याला आधी कळलंच नाही. त्यानं फळ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. "अगं, पण मी पास झालो की!"

"म्हणूनच," धाकटी म्हणाली. "चहा घ्या. मिळवलाय तुम्ही."

ताईनं त्या दिवशी तिला मठ्ठपणाची सगळी घराणी ऐकवली. घरी चालून आलेलं स्थळ, तेही हुशार निघालेलं, लाथाडणारी बाई तिनं पाहिली नव्हती. धाकटी ऐकत नव्हती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की आपल्याला हवी होती एक मोकळी भिंत, आणि आपण त्यासाठी नवरा शोधत बसलो. यंत्र आपलं, हात आपले, गिऱ्हाईक आपलं. एवढी साधी गोष्ट कळायला केस पांढरे व्हावे लागले. त्या क्षणी मात्र तिला खरोखर स्वतःला मठ्ठ म्हणावंसं वाटलं.

आठवडा उलटायच्या आत तिनं दोन गल्ल्या सोडून, चांभाराच्या दुकानावरची एक खोली घेतली. ताईनं सामान नेताना मदत केली नाही आणि अडवलंही नाही. "चार दिवसांत येशील," एवढंच म्हणाली आणि फळ्यावर नवं घराणं लिहायला घेतलं. धाकटीनं लाँड्रीचं काम सोडलं. लोक तिच्या हाताला ओळखत होते, ते जिना चढून येऊ लागले.

इकडे लाँड्रीवाला दर रविवारी ताईकडे जायला लागला, पुस्तक काखोटीला मारून. बायको मिळाली नाही, पण खुर्ची मिळाली, ह्यातच तो खूश होता. ताईच्या खालच्या मजल्यावर राहणारी शेजारीण धाकटीकडे पडदे शिवायला टाकायला आली, तिनं सगळं रंगवून सांगितलं. पहिल्या रविवारी म्हणे दोघांनी एकमेकांचं तोंड भरून कौतुक केलं. दुसऱ्या रविवारी दोघंही एकाच वेळी बोलत होते. तिसऱ्या रविवारी एका शब्दाच्या अर्थावरून जी जुंपली, ती थेट जिन्यापर्यंत ऐकू आली. हा म्हणतो पुस्तकात असं आहे, ती म्हणते पुस्तक फुटपाथवरचं आहे. दोघांनाही सगळं येत होतं. मग विचारायचं कुणी कुणाला, आणि हसायचं कुणावर? न येणारं माणूसच घरातून निघून गेलेलं. शेवटी ताईनं त्याला 'इस्त्रीवाला' म्हटलं, आणि त्यानं तिला काय म्हटलं ते शेजारणीनं धाकटीच्या कानात सांगितलं. तेव्हापासून तोही यायचा बंद झाला.

धाकटी पोट धरून हसली. असं हसण्यात जे सुख असतं ते तिनं अजिबात लपवलं नाही.

पुढे एका सकाळी जिन्यात सावकाश पावलं वाजली आणि ताई दारात उभी राहिली. हातात तिचा ऑफिसचा जुना कोट. जिना चढून तिला धाप लागली होती.

"अस्तर उसवलंय," ती म्हणाली.

धाकटीनं कोट घेतला, उलटा केला. शिवण उसवली नव्हती, कात्रीनं नीट टाका टाका करून कापली होती. कापलेल्या दोऱ्याची टोकं अजून ताजी होती. जन्मभर लोकांना शब्दांत नाचवणाऱ्या बाईला 'मला तुला भेटायचंय' हे साधं वाक्य जमलं नव्हतं. धाकटीनं टाचण्यांचा डबा पुढे ओढला.

ताई खोलीभर बघत होती. खाट, यंत्र, टांगलेले कपडे, आणि समोर नुसती पांढरी भिंत. "भिंत मोकळीच ठेवलीस?"

"हो."

"घरी कुणी येत नाही गं आता." ताईचा आवाज खाली आला. तो तसा खाली येऊ शकतो हे धाकटीला ठाऊकच नव्हतं. "फळा लिहिते. कुणी वाचत नाही. पुसणारंही कुणी नाही, कालचाच आज तसाच असतो. परत येतेस का?"

धाकटीचा टाचणी धरलेला हात थांबला. शेवटी बहीण होती. लहानपणी एका पांघरुणात झोपलेली बहीण. तिच्या तोंडाशी 'बस तरी आधी' आलं होतं. ताईला तेवढा दम निघाला असता तर कदाचित सगळंच वेगळं झालं असतं. पण गप्प राहणं ताईच्या कुठल्याच घराण्यात नव्हतं.

"मी काही विचारणार नाही तुला," ती घाईनं म्हणाली. "नुसती बसत जा समोर. तुला येणार नाहीच, ते काय मला माहीत नाही का?"

धाकटीनं टाचणी टोचली. मग दुसरी टोचली. कोटाची घडी घालून तो बाकीच्या कपड्यांच्या ढिगावर ठेवला आणि चष्म्यावरून ताईकडे पाहिलं, जिना चढून येणाऱ्या कुणाहीकडे पाहावं तसं.

"शुक्रवारी मिळेल, मॅडम."

"काय म्हणालीस?"

"शुक्रवारी या. आणि जरा बाजूला होता का? मागे गिऱ्हाईक खोळंबलंय."

ताईनं वळून बघितलं. जिन्यात कुणीही नव्हतं.